वाचकांचे प्रश्न : फोनला कव्हर घालावे का?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून सोलापुरात राहतो. दिवाळीत मुलाने मला ३२,००० रुपयांचा फोन घेऊन दिला. दुकानदाराने तिथल्या तिथे ६५० रुपयांचे तीन थरांचे, जाडजूड कव्हर बसवून दिले. त्याच्या खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ असे छापलेले होते. उन्हाळा सुरू झाल्यापासून फोन चार्जिंगला लावला की चांगलाच तापतो. मुलगा सांगतो की कव्हर काढून टाका, त्यानेच बॅटरी खराब होते. सौभाग्यवती म्हणतात की तुमच्या हातून आठवड्यातून एकदा तरी फोन पडतोच, कव्हर काढलेत तर बघा. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कव्हर ठेवावे, मात्र आता आहे ते बदलावे. आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगाचे वाक्य वहिनींचे आहे, कारण कव्हर हवे की नको याचा निर्णय फोनच्या किमतीवरून करण्यापेक्षा तो किती वेळा, कुठून आणि कशावर पडतो यावरून करणे अधिक शहाणपणाचे असते. शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवून चपला घालायला वाकणे ही आपल्याकडची फोन पडण्याची जुनी आणि ठरलेली रीत आहे. खाली बहुधा शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतात, आणि त्या जराही दबत नाहीत.

एक मीटर उंचीवरून सुटलेला फोन जमिनीला टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने येत असतो. हा वेग शून्यावर येण्यासाठी त्याला किती अंतर मिळते, यावर आघाताची तीव्रता ठरते. उघडा फोन कोपऱ्यावर पडला तर हे अंतर जेमतेम असते. त्याच कोपऱ्यावर दबणाऱ्या मऊ प्लास्टिकचा थर असेल आणि थांबण्याचे अंतर तिप्पट झाले, तर फोनला सोसावे लागणारे सरासरी बल एक-तृतीयांशावर येते. पाठीवर दोन मिलिमीटरचे पत्र्यासारखे कडक प्लास्टिक चढवण्यापेक्षा कोपऱ्यांत मऊपणा असणे महत्त्वाचे आहे ते यामुळेच. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कव्हराचा काठ. तो पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या काचेपेक्षा थोडा तरी वर आलेला असावा, म्हणजे फोन पालथा पडला तरी काच थेट जमिनीला लागत नाही. दुकानात कव्हर बसवून फोन काउंटरवर पालथा ठेवावा आणि मधल्या फटीतून एखादे पातळ कार्ड सरकते का पाहावे. एवढी परीक्षा पुरते.

‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांना फार मान देऊ नये. त्यांचा रोख अमेरिकी संरक्षण खात्याच्या एमआयएल-एसटीडी-८१० या मानकाकडे असतो. अनेक वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या त्याच्या ‘८१०-जी’ आवृत्तीतील नेहमीच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात : सहा बाजूंवर, बारा कडांवर आणि आठ कोपऱ्यांवर प्रत्येकी एकदा. ऐकायला हे कठोर वाटते, पण ही २६ पतने पाच वेगवेगळ्या नगांत वाटून घेण्याची मुभा असते, आणि वस्तू काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवुडवर पडते. आपल्या घरात प्लायवुडची जमीन नाही. शिवाय ही चाचणी उत्पादक स्वतः करतो किंवा करवून घेतो. संरक्षण खाते कोणाच्या कव्हरावर शिक्का मारत नाही. खोक्यावर ते शब्द छापायला कोणाची परवानगी लागत नाही, हे लक्षात घेतले की त्यांचे वजन कळते.

खऱ्या वजनाचीही एक अडचण आहे. तीन थरांच्या कव्हराने फोन जड आणि रुंद होतो, खिशातून अर्धा बाहेर डोकावतो आणि वाकताच निसटतो. माझ्या मते कव्हराचे पहिले काम पडलेल्या फोनला वाचवणे हे नसून फोन पडूच न देणे हे आहे. काचेची किंवा गुळगुळीत धातूची पाठ कोरड्या बोटांत टिकत नाही, उतरत्या सोफ्यावरूनही ती आपोआप घसरते. किंचित खरखरीत, हाताला धरवणारे, टीपीयू या मऊ प्लास्टिकचे साधे कव्हर या कामात तीन थरांच्या चिलखतापेक्षा सरस ठरते, आणि ते निम्म्याहून कमी किमतीत मिळते.

आता चिरंजीवांच्या मुद्द्याकडे वळू. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. प्लास्टिक उष्णता फार हळू वाहून नेते, हे खरे. पण फोनची उष्णता शेवटी हवेतच जायची असते, आणि स्थिर हवा हाच तिच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा असतो. दीड मिलिमीटरचे कव्हर त्या अडथळ्यात थोडीच भर घालते. तीन थरांच्या कव्हरात मात्र दोन थरांमध्ये हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा प्लास्टिकपेक्षाही वाईट उष्णतावाहक आहे; गोधडी ऊब देते ती याच न्यायाने. म्हणजे आपल्या फोनने उन्हाळ्यात गोधडी पांघरली आहे.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि चार्जिंगच्या वेळची उष्णता तर तिचे आयुष्य विशेष कमी करते. ॲपल कंपनी आपल्या आयफोनसाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते, आणि चार्जिंग करताना फोन तापत असेल तर आधी कव्हर काढावे अशी सूचनाही करते. आपला फोन कोणत्या कंपनीचा आहे हे आपण लिहिलेले नाही, परंतु बॅटरीची जात एकच असल्याने सल्लाही तोच लागू पडतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवाच ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा सगळा दोष बिचाऱ्या कव्हरावर टाकता येणार नाही. फोन पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज करावा, गादीवर किंवा उशीखाली न ठेवता उघड्या टेबलावर ठेवावा आणि तेवढ्या वेळापुरते कव्हर काढून बाजूला ठेवावे. टेबलावर असलेला फोन सहसा पडत नाही, त्यामुळे वहिनींचीही हरकत असणार नाही. नवे कव्हर घेताना ते एका हाताने सहज निघते का हेही पाहावे. आताचे कव्हर काढायला नखे मोडावी लागत असतील, तर ते चार्जिंगच्या वेळी कोणीच काढणार नाही.

प्रश्न : माझ्या फोनला गोरिला ग्लास आहे आणि तो आयपी६८ प्रमाणित आहे. एवढा सुंदर रंग निवडून घेतलेला फोन दोनशे रुपयांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळणे मला पटत नाही. काच एवढी मजबूत असताना कव्हर कशाला? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : रंगाचा मुद्दा मान्य आहे, मजबुतीचा नाही. आयपी६८ मधला पहिला आकडा धुळीबद्दल आणि दुसरा पाण्याबद्दल सांगतो. पडण्याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. उलट जोरात पडलेल्या फोनची सांधेजोड सैल होऊन पाण्यापासूनचे संरक्षणही कमी होऊ शकते.

काचेची गोष्ट अधिक रंजक आहे. २००७ सालच्या पहिल्या आयफोनपासून फोनवर आलेली कॉर्निंग कंपनीची ही काच सुमारे ४०० अंश तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून काढलेली असते. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. कमी जागेत जास्त माणसे बसलेल्या एस.टी.च्या बाकासारखी अवस्था होऊन पृष्ठभाग सतत दाबाखाली राहतो. काच तुटते ती ताणामुळे, त्यामुळे हा दाब आधी मोडून काढल्याशिवाय तडा पुढे सरकत नाही. परंतु दाबाखालचा हा थर अतिशय पातळ असतो. रस्त्यावरचा अणकुचीदार खडा त्याच्या पलीकडे पोहोचला की काम संपते. गुळगुळीत फरशीवर चार वेळा वाचलेला फोन पाचव्या वेळी डांबरी रस्त्यावर पहिल्याच फटक्यात फुटतो, यामागचे कारण हेच आहे. आणि आधीच्या चार वेळांनी काचेवर सूक्ष्म ओरखडे सोडलेले असतात, तेही त्यात हातभार लावतात.

ओरखड्यांबाबतही भ्रम नसावा. वाळूतील क्वार्ट्झची कठीणता मोहस मापनपट्टीवर ७ आहे आणि फोनची काच साधारण ६ च्या आसपास ओरखडली जाऊ लागते. खिशातली किल्ली काचेचे सहसा काही बिघडवत नाही, पण सिंहगडावरून खिशात आलेली बारीक माती बिघडवते. पाठीच्या काचेवर तर टेम्पर्ड ग्लाससुद्धा कोणी लावत नाही. वायरलेस चार्जिंगची सोय हवी म्हणून धातूच्या पाठी गेल्या आणि काचेच्या आल्या, तेव्हापासून फोन दोन्ही बाजूंनी फुटू शकणारी वस्तू झाली आहे.

तरीही आपला फोन बहुतेक वेळ खोलीतल्या टेबलावर असेल, हात स्थिर असतील आणि पडदा बदलण्याचा खर्च आपण स्वतःच्या खिशातून करणार असाल, तर उघडा फोन वापरण्यात गैर काही नाही. खर्च वडील करणार असतील, तर निर्णयही त्यांनाच विचारावा. मधला मार्ग हवा असल्यास पारदर्शक कव्हर आहे, ज्याच्याबद्दल पुढचा प्रश्न आलेला आहे.

प्रश्न : पारदर्शक कव्हर सहा महिन्यांत पिवळे पडते. खाण्याचा सोडा, लिंबू, भांड्यांचा साबण, सगळे करून पाहिले. डाग जात नाही. तसेच मी कव्हराच्या आत नेहमी एक पाचशेची नोट आणि कार्ड ठेवते, ते योग्य आहे का? — एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : तो डाग नाही, म्हणून तो जात नाही. पारदर्शक मऊ कव्हरे बहुधा टीपीयू या प्लास्टिकची असतात आणि त्याचे रेणू सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी व हवेतील ऑक्सिजनने बदलून पिवळे होतात. उष्णतेने ही क्रिया आणखी वेग घेते. पिवळेपणा पृष्ठभागावर बसलेला नसून प्लास्टिकमध्येच तयार झालेला असतो. काही उत्पादक नव्या कव्हरात किंचित निळसर छटा मिसळतात, म्हणजे सुरुवातीचे काही महिने पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याचाच हा प्रकार आहे. कमी पिवळणारे हवे असेल तर कडक पॉलिकार्बोनेटची पाठ आणि मऊ कडा असलेले कव्हर पाहावे. ते पिवळे पडतेच, पण मुख्यतः कडांना. नाहीतर सरळ काळे किंवा गडद रंगाचे घ्यावे.

कव्हर धुण्याची आपली सवय मात्र अजिबात सोडू नये. कोकणात वाळूचे कण आणि पावसाळ्याची ओल दोन्ही कव्हराच्या आत शिरतात. अडकलेला कण प्रत्येक हालचालीबरोबर फोनच्या पाठीवर घासला जातो, त्यामुळे ‘कव्हरात ठेवलेला फोनही खराब झाला’ अशी तक्रार ऐकू येते. आठवड्यातून एकदा कव्हर काढून साबणाच्या पाण्याने धुवावे, फोन मऊ कोरड्या कापडाने पुसावा आणि कव्हर पूर्ण वाळल्यावरच पुन्हा चढवावे.

नोट अडीअडचणीला उपयोगी पडते, त्यामुळे ती काढून टाका असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. चार्जिंग करताना कव्हरच काढून ठेवल्यास तिने उष्णता अडण्याचा त्रास उरत नाही. कार्डाबाबत थोडी काळजी घ्यावी. फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असेल तर कार्ड मध्ये ठेवून चार्जिंग कधीही करू नये, त्याने कार्डाची चिप किंवा चुंबकीय पट्टी बिघडू शकते. हाच नियम कव्हराला चिकटवलेल्या धातूच्या चकत्या आणि अंगठ्यांना आहे. त्या स्वतःच तापतात. पूर्ण धातूची कव्हरे तर घेऊच नयेत, कारण ती रेंजच्या आड येतात. उलटे उदाहरणही घडलेले आहे : २०१० मध्ये आयफोन ४ च्या कडेला असलेल्या अँटेनाला हात लागून रेंज कमी होऊ लागली, तेव्हा ॲपलने ग्राहकांना कडेभोवतीचे रबरी बंपर फुकट दिले होते. रेंज घालवणारी नव्हे, परत आणणारी अशी कव्हरे त्यानंतर माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

प्रश्न : मी दुचाकीवरून घरपोच पार्सले पोहोचवतो. फोन दिवसभर हँडलच्या स्टँडमध्ये असतो. जाड कव्हर घेतले तर कॅमेऱ्याला हादरे बसणार नाहीत ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बसतील. पडण्याचा धक्का एकदाच आणि क्षणभर असतो, तो कव्हर पचवते. इंजिनाची थरथर तासन्‌तास चालते आणि स्टँडमध्ये घट्ट आवळलेल्या कव्हरातून ती जशीच्या तशी आत जाते. ज्या कॅमेऱ्यांत चित्र स्थिर ठेवण्यासाठी भिंग स्वतः हलते, त्यांना ही थरथर बाधू शकते. ॲपलने २०२१ मध्ये जास्त शक्तीच्या मोटरसायकलींवर आयफोन थेट लावू नये असे सांगितले होते, आणि मोपेड किंवा स्कूटरसाठीही थरथर शोषणारा स्टँड वापरण्याची सूचना केली होती. म्हणून खर्च कव्हरावर न करता रबरी जोड असलेल्या स्टँडवर करावा. आपला कामाचा फोन जुना, साध्या कॅमेऱ्याचा असेल तर ही चिंता जवळपास नाहीच.

स्टँडसाठी कव्हर पातळ घ्यावे, कारण जाड कव्हर पकडीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात फोन उडतो. दुपारच्या उन्हात नकाशा चालू आणि चार्जर जोडलेला असताना फोन फार तापत असेल, तर थांबल्यावर तो सावलीत घ्यावा, थंड पाण्याच्या बाटलीला टेकवू नये. पावसाळ्यात त्यावर जी पारदर्शक पिशवी चढवता, तिच्यात फोन ठेवून मात्र चार्जिंग बंदच ठेवावे. पॉवर बँक दोन पार्सलांच्या मधल्या वेळात, आडोशाला थांबून लावावी.