रॉटरडॅमला येतोयस तर आधी आईच्या फोनचं बघ

"दादा, बॅगेत काय भरू, डच येत नाही म्हणून अडेल का, आणि आईचं कसं होईल?" असं तू विचारलंस. लालबाग सोडून मला नऊ वर्षं झाली, काम इथल्या बंदरातल्या मालवाहतुकीचं. त्यावरून सांगतो.

बॅगेची काळजी सोड. न्हावाशेवाचे कंटेनर इथेच उतरतात. मार्चमध्ये सुपरमार्केटात नाशिकची द्राक्षं दिसतात, तूरडाळ, कढीपत्ता बारा महिने मिळतो. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, आमच्या ऑफिसात दिवसभर फोन खणखणत होते. तरी डाळ आलीच, उशिरा आली एवढंच. कागदाचं तसं नाही. जन्मदाखला वॉर्ड ऑफिसातून इंग्रजीत नव्याने काढ, राज्य सरकारकडून प्रमाणित करून घे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का. माझ्या दाखल्यावर ते नव्हतं. धाकट्या भावाने रजा टाकून खेटे घातले, दोन महिने गेले. आल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदव, तिथून बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक मिळतो. पगार, बँक, विमा सगळं त्यावर चालतं.

ऑफिसात इंग्रजी चालतं, पण डच शीक. खरं अडतं ते रीतीभातीत. पहिल्या होळीला शेजारच्या आजींकडे पुरणपोळ्या घेऊन गेलो, संध्याकाळी सहाला, न विचारता. सहा ही यांची जेवायची वेळ. त्यांनी दारातच डबा घेतला, आभार मानले, दार लावलं. मला फार लागलं ते. तिसऱ्या दिवशी घासलेला डबा दाराशी होता आणि आत हाताने लिहिलेलं कार्ड: पुढच्या महिन्यात 14 तारखेला चार वाजता कॉफीला या. गेलो. अजूनही जातो.

आता आई. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे तू सहाला ऑफिसातून सुटशील तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले. सकाळी निघण्याआधी फोन करत जा, तिची तेव्हा दुपार असते. मी माझ्या आईला व्हिडिओ कॉल शिकवला आणि सगळं शिकवलं असं समजून बसलो. एके दिवशी तिला फोन आला, "तुमचा मुलगा तिकडे पोलिसांच्या ताब्यात आहे." त्या माणसाने तिला फोन ठेवू दिला नाही, की मला लावू दिला नाही. चाळीस हजार गेले. पैशांपेक्षा, ती दोन तास एकटी थरथरत बसली होती, हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून निघायच्या आधी तुझ्या आईशेजारी बसून एक शब्द ठरव, फक्त तुम्हा दोघांना माहीत असलेला. तुझ्या नावाने कुणीही पैसे मागितले की तिने आधी तो विचारायचा. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेव, असा फोन आला तर आई त्यांचं दार वाजवेल. आणि सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रिजवर लाव.