मागच्या ॲक्सलचं कव्हर गळतंय, सिलिकॉन लावून थकलो

प्रश्न : वडिलांची जुनी जीप आहे, १९६० च्या आसपासची. मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला मागून जे गोल कव्हर असतं ना, त्याच्या खालून तेल गळतंय. मेकॅनिकने दोनदा उघडून सिलिकॉन फासलं, दोन-तीन महिने बरं असतं आणि परत खाली डाग. आता नवीन कव्हर शोधू का, की जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच? आणि तेल कुठलं टाकू, जो तो वेगळंच सांगतो.

उत्तर : चालायचंच असं नाही, आणि नवीन कव्हरची घाई पण करू नका. दोनदा लावूनही गळतंय म्हणजे चूक सिलिकॉनची नसणार, बहुतेक कव्हर चेपलंय नाहीतर आत प्रेशर तयार होतंय. मी स्वतः माझ्या पहिल्या गाडीला तीनदा सिलिकॉन लावलं, दर वेळी आधीपेक्षा जाड, आणि नंतर कळलं की ब्रीदरवर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या टोपीवर, कधीतरी कोणीतरी रंग मारून ठेवला होता.

तर ब्रीदरपासूनच सुरू करा. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक बारीक टोपीसारखं असतं, तेच ते. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते आणि तिला बाहेर जायला ती एकच वाट असते, ती चिखलाने बुजली की हवा तेलाला ढकलते आणि तेल सगळ्यात कच्च्या जागेतून बाहेर येतं, कधी कव्हर, कधी सील. बघायची सोपी रीत म्हणजे तासभर गाडी चालवून आल्यावर ब्रीदर हळूच सैल करायचा, फुस्स आवाज आला की समजा चोर सापडला. (तेल गरम असतं, हात सांभाळून.) काढून रॉकेलमध्ये धुवा, हवा मारा, मोकळा होत नसेल तर बदला, बारीकसा पार्ट आहे.

दुसरं म्हणजे तेल खरंच कव्हरमधनंच येतंय का ते बघा. पुढे प्रॉपेलर शाफ्टच्या (गियरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याच्या) तोंडाशी पिनियनचं, म्हणजे तो दांडा फिरवतो त्या छोट्या गियरचं, सील असतं, ते गळत असलं तर तेल हौसिंगवरून (त्या मधल्या गोळ्यावरून) ओघळत मागे येतं आणि आळ कव्हरवर. सगळं स्वच्छ धुऊन, वाळवून, कडेने टाल्कम पावडर मारा आणि फिरून या, पावडर जिथे वरच्या बाजूला पहिल्यांदा ओली होईल तिथून गळती. आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ दिसला तर ते ॲक्सल सील, तेल ब्रेकवर जातंय, ती दुरुस्ती आधी करा, कव्हर नंतर.

आता कव्हर उघडायचं. पण त्याआधी तेल भरायचा प्लग सुटतोय का ते बघून घ्या, नाहीतर सगळं तेल काढून बसाल आणि भरायला वाट नाही, हे झालेले लोक मला माहितीयेत. गाडी सपाट जागी, नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर. बोल्ट काढा पण वरचे दोन अर्धेच सैल ठेवा, मग खालून हलकेच उचकटलं की तेल ट्रेमध्ये पडतं, अंगावर नाही.

कव्हर पत्र्याचं असेल तर खरा घोळ इथे असतो. वर्षानुवर्षं बोल्ट आवळून प्रत्येक भोकाभोवती पत्रा आत दबलेला असतो, त्यामुळे दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते आणि तिथून तेल झिरपतं, आपण म्हणतो अजून आवळा, मग अजून दबतं. जाड काचेवर कव्हर पालथं ठेवा, भोकांपाशी टेकतंय आणि मध्ये उजेड दिसतोय की हेच झालंय. ठोकळ्यावर उलटं ठेवून हातोडीने भोकांच्या कडा हळूहळू परत सपाट करायच्या, घाई नाही. काठ गंजून खड्डे पडले असतील तरच नवीन कव्हर.

जुनं पॅकिंग खरवडताना जरा जपून. त्या काळच्या काही पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून कोरडं घासू नका, ओलं करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा, धूळ उडू देऊ नका. आत क्राऊन-पिनियनवर (मोठ्या-छोट्या गियरच्या जोडीवर) स्वच्छ कापड टाका, नाहीतर कचरा थेट बेअरिंगात. आणि मग दोन्ही काठ ब्रेक क्लीनरने पुसा, बोटाला तेलकटपणा लागतोय तोवर पुसतच राहा. सिलिकॉन तेलावर चिकटत नाही, तुमच्या दोन वेळांपैकी एखादी इथेच गेली असेल.

पॅकिंग लावणार असाल तर पॅकिंग, सिलिकॉन लावणार असाल तर सिलिकॉन, दोन्ही एकत्र नको, पॅकिंग आवळताना घसरतं. सिलिकॉन गियर ऑईलला टिकणारं असावं, साधारण ३ मिलिमीटर जाडीची सलग दोरी, भोकांच्या आतल्या बाजूने, प्रत्येक भोकाला वळसा घालून. जास्त लावलं की आत थेंब सुटून पडतात. बोल्ट आधी हाताने, मग थोडं थांबून समोरासमोर असे आडवे-तिडवे आवळा, एकदम नाही. काही हौसिंगमध्ये बोल्टची भोकं आरपार आत जातात, तिथे तेल आट्यांमधूनच येतं, तर बोल्टच्या आट्यांनाही सीलंट लावा. पाकिटावर सांगितलंय तेवढा वेळ वाळू द्या, बहुतेक २४ तास. लगेच तेल भरलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

तेलाचं म्हणाल तर, हायपॉइड गियरचा (पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली-वर बसवलेला) ॲक्सल असेल तर जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं गियर ऑईल बहुतेक ठिकाणी चालतं, पण जुन्या मॅन्युअलमध्ये दुसरं काही लिहिलं असेल तर ते ऐका. हेच तेल गियरबॉक्समध्ये मात्र ओतू नका, तिथे पितळी सिंक्रो (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) असतील तर त्यांना ते मानवत नाही. भरताना प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, तिथून ओघळायला लागलं की थांबा. त्याच्यावर भरू नका, जास्त भरलं तरी तेल बाहेरच येतं.