तुझं लिहिलेलं कोण वाचणार?

प्रिय बेटा,

परवा त्रिमूर्तीनगरात भाजी घेताना तुझी आई भेटली. पोरीच्या हातात दोन ऑफर आहेत आणि आठ दिवस घरात दुसरा विषय नाही, म्हणाली. रात्री तुझा मेसेजही आला. एक नोकरी पुण्याची, सॉकमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सिस्टिमवर चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या केंद्रात, ‘सिक्युरिटी ॲनालिस्ट’ या नावाची, तीन शिफ्टची. दुसरी इथलीच, नागपूरची, बर्डीवरच्या एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात. नाव साधं, ‘सिस्टिम असिस्टंट’, आणि पगार सहा हजारांनी कमी. सगळे तुला पुण्याकडे ढकलताहेत. फोनवर हे नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहिते आहे.

पदाचं नाव आणि पगार जरा बाजूला ठेव. दोन्हीकडे एवढंच विचार: माझ्यासमोर रोज काय काम येईल, आणि मी लिहिलेलं कोण वाचेल?

हा प्रश्न मी पहिल्या नोकरीला लागताना विचारला नव्हता. तिथे एका शिफ्टला दीडशे-दोनशे अलर्ट, म्हणजे काहीतरी संशयास्पद घडल्याचे इशारे, यायचे आणि प्रत्येक तिकीट, म्हणजे त्या अलर्टची नोंद, ठरलेल्या मिनिटांत बंद व्हायलाच हवं असायचं. कारण लिहायला जागा होती, पण ते कुणी वाचत नसे. एका रात्री पावणेतीनच्या सुमारास एका सर्व्हरवर चुकीच्या पासवर्डच्या नोंदी येऊ लागल्या. फसलेल्या लॉगिनचा विंडोजमधला ४६२५ क्रमांक तुला माहीतच आहे. असं रोजच व्हायचं. कुणीतरी सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या खात्याचा, पासवर्ड बदललेला असायचा आणि आपोआप चालणारा एखादा विसरलेला जॉब जुनाच पासवर्ड घेऊन प्रयत्न करत राहायचा. मी तेच कारण लिहिलं आणि तिकीट बंद केलं. त्या सगळ्या ४६२५ च्या खाली एकच ४६२४ होता. म्हणजे पासवर्ड लागला होता, कुणीतरी आत शिरलं होतं. तीन दिवसांनी ते दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं.

चूक माझी होती. पण त्याआधीच्या वर्षभरात एकाही सीनियरने माझी एक तरी नोंद उघडून ‘शेवटपर्यंत वाचलंस का गं?’ असं विचारलं असतं, तर ती सवय मला पहिल्याच महिन्यात लागली असती. पुढच्या नोकरीत तसे सर मिळाले. रोज सकाळी ते रात्रीच्या पाच नोंदी काढायचे आणि शेजारी बसवून विचारायचे, हे कशावरून म्हणतेस? मला हे काम येऊ लागलं ते तिथे.

म्हणून पुण्याच्या लोकांना विचार, एका शिफ्टला एका माणसाकडे किती अलर्ट येतात? रात्रीच्या शिफ्टला एल-टू, म्हणजे वरच्या पातळीचा अनुभवी माणूस, तिथेच बसलेला असतो की फक्त फोनवर? गेल्या वर्षी एल-वनमधले, म्हणजे तुझ्यासारख्या पहिल्या पातळीवरचे, किती जण वर गेले? रात्री घरी सोडायला गाडी असते का, हेही न लाजता विचार.

बँकेची नोकरी हलकी समजू नकोस. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते आठवतं ना? त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांवर सायबर सुरक्षेचे नियम घातले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये बँक किती डिजिटल आहे आणि पेमेंटच्या यंत्रणांशी किती जोडलेली आहे, त्याप्रमाणे चार पातळ्या ठरवून दिल्या. ते नियम पाळायला या बँकांना माणसं लागतात. सॉकमध्ये तुला अलर्ट दिसेल, बँकेत ते मशीन दिसेल. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस २०१७ च्या मे महिन्यात पसरला, पण तो ज्या त्रुटीतून शिरायचा तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने तो का लावला गेला नाही, हे पुस्तकातून कळत नाही. सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवू द्या म्हणून जिने शाखेच्या मॅनेजरची मनधरणी केली आहे, तिला ते कळतं.

धोका तिथेही आहे. दोन वर्षं नुसते प्रिंटर आणि पासबुकची मशीनं दुरुस्त करण्यात जातील. तेव्हा विचार, बॅकअप शेवटचा परत चढवून कधी पाहिला? फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याचे, नियम कोण तपासतं? सर्ट-इनच्या, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात आणि हल्ल्याची घटना सहा तासांत कळवायची असते. ते लॉग कुठे आहेत आणि उघडून कोण बघतं? समोरचा माणूस उत्साहाने सांगू लागला, तर सहा हजार कमी असले तरी तिथे जा. ‘ते आमचा व्हेंडर बघतो’ म्हणून विषय बदलला, तर पुण्याचं तिकीट काढ.

तुला पुढे पेनटेस्टिंगच, म्हणजे मालकाच्या परवानगीने सिस्टिम फोडून त्यातल्या त्रुटी दाखवायचं काम, करायचं आहे, हे मला माहीत आहे. खुशाल कर. पण तिथेही लिहिण्यातून सुटका नाही. ओएससीपी या त्यातल्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत मशीनं फोडायला २३ तास ४५ मिनिटं देतात आणि नंतर अहवाल लिहायला आणखी २४ तास. अहवाल कच्चा असेल तर फोडलेल्या मशीनचेही गुण जातात.

आणि बायोडेटातली ती ओळ आजच काढ, कॉलेजच्या पोर्टलमध्ये त्रुटी शोधली म्हणून लिहिलेली. तुला कुणी परवानगी दिली होती? विनापरवानगी शिरलं तर आयटी कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीसाठी केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला होता, हे मला पटतं. पण सुरक्षेचं काम देणारा माणूस ती ओळ वाचून घाबरेल, आणि ते बरोबरच आहे. हात बसवायचा तर जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर, चढव, वाझू हे हल्ले टिपणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते टाक, आणि स्वतःच्याच मशीनवर हल्ला कर.

कुठेही मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागितले, तर तिथून उठून यायचं. त्यावर चर्चासुद्धा करू नकोस.

गुरुवारी बँकेत जाते आहेस ना? बाहेर पडल्या पडल्या, मेट्रोत बसूनच, कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिहून काढ. रविवारी सकाळी घरी ये, तर्री-पोहे करते. येताना तुझ्या लॅपटॉपवरच्या एका हल्ल्याची नोंद पानभर लिहून आण. मी वाचेन.

तुझी,
मावशी