मोटारसायकल शिकताना 'एल' पाटी लावावी का? लावा, कारपेक्षाही तिथे तिची जास्त गरज आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकाऊ परवाना मिळालाय, मोटारसायकल रस्त्यावर काढायला सुरुवात केलीय, पण 'एल' लावला की मागचे जास्त हॉर्न वाजवतात, जवळून कट मारून जातात. मित्र म्हणतात, काढून टाक, कुणाला कळतंय! तर पाटी ठेवावी की काढावी?

ठेवा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे. मी बरीच वर्षं नवशिक्यांना दुचाकी शिकवतो आणि माझ्याकडे शिकणारा कुणीही पाटी लावल्याशिवाय रहदारीत उतरत नाही. कायदा हे एक कारण आहेच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

कार शिकणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तर त्या माणसाच्या पायाशीही ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, गोंधळला, तर शेजारचा स्टिअरिंगला हात लावतो, ब्रेक दाबतो, "थांब, जाऊ दे त्याला" म्हणतो. मोटारसायकलवर ही सोय नाही. क्लच, दोन्ही ब्रेक, हँडल, सगळं एकट्याच्या हातापायांत. मागे कितीही अनुभवी माणूस बसला तरी तो फार तर ओरडू शकतो, आणि नवशिक्याच्या मागे वजन वाढलं की तोल सांभाळणं उलट अवघड होतं. ब्रिटनमध्ये नवशिक्या मोटारसायकलस्वारांसाठी १९९० पासून सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आहे. त्यात किमान दोन तास रस्त्यावर चालवावं लागतं. प्रशिक्षक दुसऱ्या गाडीवरून सोबत असतो, एका वेळी दोनपेक्षा जास्त शिकाऊ स्वार नेऊ शकत नाही आणि त्यांच्याशी रेडिओवर बोलतो. त्याच्याही हाती शिकणाऱ्याचा ब्रेक नसतोच. त्यानंतर प्रमाणपत्र मिळालेला शिकाऊ स्वार दोन वर्षांपर्यंत १२५ सीसीपर्यंतची गाडी एकट्याने चालवू शकतो, पण 'एल' लावूनच. मागे कुणाला बसवायचं नाही आणि मोटरवेवर जायचं नाही. म्हणजे शिकणाऱ्याला एकटं सोडायचं ठरलं, तरी पाटी मात्र सोडलेली नाही. मला ही रचना पटते. शेजारी सांभाळणारा नसला, की सांभाळून घेण्याचं काम मागून आणि समोरून येणाऱ्यांवर येतं. त्यांना ते कळायचं कसं? पाटीवरूनच.

आता नवशिक्या रस्त्यावर नेमकं काय करतो ते पाहा. सिग्नल हिरवा होतो, क्लच पटकन सुटतो, गाडी बंद पडते. कार बंद पडली तर चार चाकांवर उभी राहते. मोटारसायकल वळता वळता बंद पडली तर ती एका बाजूला कलते, पाय टेकला नाही तर आडवी होते. मागची गाडी अगदी खेटून उभी असेल आणि त्याच क्षणी निघाली असेल, तर मधे वाचवायला पत्रा नाही, काही नाही. सगळ्यात जास्त तोल जातो तो चालण्याच्या वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की. अनुभवी स्वार तिथे मागचा ब्रेक आणि हाफ क्लच (क्लच अर्धवट सोडून धरणं) वापरतो. हे हातापायांत मुरायला वेळ लागतो. मुरेपर्यंत मागे मोकळी जागा असणं हाच खरा बचाव.

दुसरी गोष्ट इंडिकेटरची. कारचा इंडिकेटर वळण संपलं की आपोआप बंद होतो. बऱ्याच मोटारसायकलींचा होत नाही, तो अंगठ्याने बंद करावा लागतो. नवशिक्याचं सगळं लक्ष गिअर आणि तोलाकडे, त्यामुळे वळून कितीतरी पुढे गेला तरी इंडिकेटर लुकलुकत राहतो. पुढच्या चौकात बाजूच्या रस्त्यावरून निघणाऱ्याला वाटतं, हा वळतोय, आणि तो गाडी पुढे घालतो. समोर 'एल' दिसला तर जाणता चालक क्षणभर थांबून पाहतो: खरंच वळतोय, की इंडिकेटर विसरलाय? पुढच्या बाजूची पाटी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

मागची पाटी आणखी एका गोष्टीसाठी लागते. मोटारसायकलचा वेग नुसता ॲक्सिलरेटर सोडून किंवा खालचा गिअर टाकूनही चांगलाच कमी होतो, आणि तेव्हा ब्रेकचा दिवा लागत नाही. शिकणारा हे हमखास करतो, तेही अचानक. मागून ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर सोळा-सतरा मीटर तिथेच संपले. ज्याला आधीच कळलंय की पुढचा शिकतोय, तो मुळात इतक्या जवळ येत नाही.

हॉर्नचं म्हणाल, तर तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. काही लोक 'एल' पाहून मुद्दाम घाई करतात, काही चिडतात. मला त्याचा संताप येतो, कारण असं वागणारा प्रत्येक जण कधी ना कधी शिकाऊच होता. पण सुरक्षिततेच्या हिशेबात एक गोष्ट लक्षात घ्या: जो हॉर्न वाजवतोय, त्याने तुम्हाला पाहिलंय. मोटारसायकलस्वाराला खरा धोका असतो न पाहणाऱ्यापासून. अमेरिकेत संशोधक हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुसरं वाहनही गुंतलेलं होतं अशा अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलून गाडी आडवी घातली होती. मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता, हे त्यामागचं ठळक कारण होतं.

म्हणून पाटीकडून किती अपेक्षा ठेवायची हेही स्पष्ट असू द्या. ज्याने तुमच्याकडे पाहिलेलंच नाही, त्याला ती छोटी पाटी दिसणार नाही. त्यासाठी दिवसाही हेडलाइट, अंगावर भडक रंगाचं जॅकेट, आणि चौकात समोरच्याच्या पुढच्या चाकाकडे लक्ष, हे सगळं लागतंच. ज्याने पाहिलंय, त्याचा अंदाज बदलणं एवढंच पाटीचं काम. हा सरळ जाईलच, लगेच निघेलच, वळण बरोबर घेईलच, हे तो गृहीत धरत नाही. माझ्या लेखी हे फार मोठं काम आहे. मागे खेटून हॉर्न वाजवणारा भेटलाच, तर वेग वाढवू नका. आपल्या लेनच्या मधोमध राहा, कडेला इतकं सरकू नका की त्याला वाटावं तिथूनच घुसता येईल. सुरक्षित जागा आली की डावा इंडिकेटर देऊन थांबा आणि त्याला जाऊ द्या. आणि पहिले काही आठवडे गर्दीच्या वेळा टाळा. रहदारी कमी असली की चिडणारेही कमी भेटतात.

आता कायदा. भारतात हा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ आहे, आणि त्याची मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ३ सांगतं की चालू परवाना नसेल तर सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची नाही. शिकणाऱ्याला यातून जी सूट मिळते ती नियम ३ मुळे, आणि ती अटींवर मिळते: शिकाऊ परवाना हवा, सोबत परवानाधारक प्रशिक्षक हवा, आणि वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. म्हणजे पाटी काढली की तुम्ही त्या सवलतीची एक अटच मोडता; मग खिशातला शिकाऊ परवाना दाखवून सुटका होईल हे धरून चालू नका. "कुणाला कळतंय" म्हणणाऱ्या मित्रांना हे सांगा. अपघात झाला आणि चौकशी लागली, तर पाटी नसणं तुमच्याच विरुद्ध बोलेल, चूक समोरच्याची असली तरी.

त्याच नियमात मोटारसायकलसाठी आणखी एक ओळ आहे: शिकताना प्रशिक्षकाखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवायचं नाही. प्रशिक्षकाने गाडी नियंत्रित करता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसावं, ही अट माझ्या मते कार डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहे. मोटारसायकलवर अशी जागाच नाही. पण डबलसीटची बंदी मात्र अगदी योग्य आहे. मित्राला मागे घेऊन 'प्रॅक्टिस' करू नका.

मापंही दिलेली आहेत. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, तळाशी ९ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली तेव्हापासून 'एल' आहे, तिथलं मापही जवळपास हेच, १७८ मिलिमीटर चौरस. ऑस्ट्रेलियात लालऐवजी पिवळ्यावर काळा 'एल' असतो. मापाचा मुद्दा मुद्दाम सांगतोय, कारण मोटारसायकलवर जागा कमी म्हणून लोक पाटीच्या कडा कापतात किंवा तळहाताएवढा स्टिकर डकवतात. तो पाच पावलांवरूनही धड वाचता येत नाही.

बसवताना थोडी मेहनत घ्या, बहुतेक पाट्या इथेच फसतात. मागची पाटी नंबर प्लेटच्या पट्टीला वेगळी पट्टी जोडून बोल्टने घट्ट बसवा. नंबर, मागचा दिवा आणि इंडिकेटर यांपैकी काहीही झाकता कामा नये. पुढची पाटी हेडलाइटच्या खाली, फोर्कच्या मधे बसते. ती पातळ पुठ्ठ्याची असेल तर वाऱ्याने मागे दुमडते, म्हणून मागून कडक प्लास्टिकचा आधार द्या. सुतळीने बांधलेली पाटी मला अजिबात चालत नाही: ती फडफडते, हँडल वळवताना ब्रेकच्या केबलमध्ये अडकते, आणि सुटली तर थेट पुढच्या चाकात जाते. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे घासत नाही ना. मडगार्डच्या गोलाईवर स्टिकर लावला तर अर्धं अक्षर वर आकाशाकडे बघतं, म्हणून सपाट आणि उभी जागा शोधा. चुंबकाची पाटी कारच्या पत्र्यावर टिकते. मोटारसायकलचे बहुतेक पॅनेल प्लास्टिकचे, तिथे तिचा उपयोग नाही.

आयर्लंडची पद्धत मला सगळ्यात आवडते. तिथे शिकाऊ मोटारसायकलस्वाराला छाती आणि पाठ दोन्हीकडे 'एल' असलेलं पिवळं चमकदार जॅकेट घालावं लागतं. गाडीवरची पाटी दोन गाड्यांच्या मधे उभं राहिलं की झाकली जाते. पाठीवरचं अक्षर कारचालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. तुम्ही असं जॅकेट स्वतःहून वापरायला काहीच हरकत नाही, पण ते पाटीच्या ऐवजी नाही, पाटीसोबत जास्तीचं म्हणून. आणि त्यावर पाठीची सॅक अडकवू नका, नाहीतर सगळं अक्षर तिच्याखाली जातं.

'एल' पाहणाऱ्यांवरही काही बंधन हवं, असं मला मनापासून वाटतं. जपानमध्ये परवाना मिळून वर्ष न झालेल्या कारचालकांना हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह लावावं लागतं, १९७२ पासून. तिथला कायदा इतर चालकांनाही बजावतो की हे चिन्ह असलेल्या गाडीला विनाकारण खेटायचं नाही, तिच्यापुढे धोकादायक रीतीने घुसायचं नाही. कायदा दोन्ही बाजूंना बांधतो, तेव्हा चिन्ह लावणाऱ्यालाही ते ओझं वाटत नाही.

एक शेवटचं, कारण तुमची गाडी घरात आणखी कुणी वापरत असेल. पक्का परवाना असलेली व्यक्ती चालवणार असेल तेव्हा पाटी उतरवायला सांगा. अनुभवी माणूस 'एल' लावून सुसाट जाताना लोकांनी पाहिलं की पुढच्या वेळी खऱ्या शिकाऊच्या पाटीवरही त्यांचा विश्वास बसत नाही. त्यासाठी बोल्टला हाताने फिरवता येतील असे नट लावले, तर पाटी काढायला मिनिटभर लागतं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पास होऊन परवाना मिळाला की पाटी लगेच काढा. ऑस्ट्रेलियात यानंतर 'पी' पाटीचा टप्पा असतो, आपल्याकडे तो नाही. त्यामुळे परीक्षेची तारीख लवकरात लवकर गाठण्यापेक्षा हाफ क्लचवर सावकाश 'आठ' काढता येईपर्यंत आणि पुढचा ब्रेक न घाबरता, हळूहळू जोर वाढवत दाबता येईपर्यंत 'एल' लावूनच सराव करत राहा.