व्हॅक्यूम पंपाने लिंगाचा आकार कायमचा वाढतो का? तो वापरताना काय जपावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: आकार कायमचा वाढतो का, आणि इजा होऊ शकते का. आकार वाढत नाही. लिंगावर बसवलेल्या नळीतली हवा पंपाने खेचली की लिंगात रक्त ओढलं जातं, ते फुगतं, आणि हवा सोडली की थोड्या वेळात पूर्ववत होतं. बराच वेळ ताणल्यावर जो जाडपणा राहतो ती सूज असते, कातडीखाली साचलेलं पाणी. लोक तिलाच वाढ समजून दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावतात, आणि इजा नेमकी तिथेच होते. 2015 साली पंधरा हजारांवर पुरुषांची मोजमापं एकत्र अभ्यासली गेली, तेव्हा ताठ लिंगाची सरासरी लांबी 13 सेंटिमीटरच्या आसपास निघाली. आकाराची काळजी करणाऱ्या बहुतेकांचं माप मुळात ठीकच असतं.

मी पंप वापरतो तो मधुमेहामुळे ताठरता कमी झाली म्हणून, युरोलॉजिस्टच्या सल्ल्याने. त्या कामाला तो खरंच उपयोगी आहे. हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असल्याने ज्यांना सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेता येत नाही, त्यांच्यासाठी तर फारच.

पंप घेताना प्रेशर मर्यादेबाहेर जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आणि हवा झटकन सोडणारं बटण आहे ना, एवढं आधी बघा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही मर्यादा पाऱ्याच्या 17 इंचांवर ठेवली आहे. ही सोय नसलेला पंप फुकट मिळाला तरी घेऊ नका.

मुळाशी केस कापलेले असले की नळी नीट बसते. कडेला पाण्यात विरघळणारी जेल लावायची. मग दोन-तीन वेळा पंप करायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. घाई केली की कातडीवर बारीक लाल ठिपके उठतात. दुखलं तर तिथेच हवा सोडा. अंडकोषाची कातडी आत ओढली जात नाही ना, तेही बघा. मधुमेहात संवेदना मंदावते, दुखलेलं कळतही नाही, म्हणून मी दिवा लावूनच वापरतो.

ताठरता टिकवायला मुळाशी रिंग चढवतात. ती 30 मिनिटांच्या आत काढायचीच, आणि पुन्हा वापरण्याआधी तासभर जाऊ द्यायचा. रिंग लावून झोप लागली तर रक्तपुरवठा तुटून कायमची इजा होऊ शकते. मी मोबाइलवर गजर लावतो. साधं रबर बँड किंवा धातूची कडी कधीही वापरू नका, सूज आली की ती निघत नाही. रिंग असताना लिंग थोडं गार लागतं, वीर्य बाहेर यायला अडतं. त्याने घाबरू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सिकलसेल, ल्युकेमिया, रक्त न गोठण्याचा आजार किंवा पूर्वी तासन्तास न उतरलेली ताठरता, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंपाला हात लावू नका. आणि तुमचा खरा त्रास ताठरतेचा असेल तर साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. हृदयविकाराची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते, आणि ती पंपाने झाकली जाते.