घरांच्या खिडक्या-काचा साफ करण्याच्या धंद्याला गोव्यात कायमची गिऱ्हाइकं कशी मिळवावीत?

तुम्ही लिहिलंय की म्हापशात दोन मुलांना हाताशी घेऊन घरांच्या खिडक्या साफ करायचं काम सुरू केलंय, लोक एकदा बोलावतात आणि पुन्हा फोनच करत नाहीत. मी स्वतः काचा पुसत नाही, पण पर्वरी आणि आसगाव भागातले बंद फ्लॅट आणि बंगले सांभाळतो. म्हणजे तुमच्यासारख्यांना बोलावणारा तो मी. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो.

नुसती काच चकचकीत दिसावी म्हणून वरचेवर पैसे देणारा माणूस इथे विरळा. पावसाचं पाणी घरात येतं म्हणून हैराण झालेले मात्र बिल्डिंगभर सापडतील. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वारा नैर्ऋत्येकडून. पश्चिमेच्या खिडकीवर तो नुसता पडत नाही, आपटतो. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. वर्षभराची तांबडी माती, मेलेले किडे, रंगाऱ्याने सांडलेली पुट्टी यांनी ती बुजतात. मग पाणी ट्रॅकमध्ये साचतं आणि आतल्या भिंतीवरून खाली उतरतं. मालकाला वाटतं भिंत गळते, तो वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो आणि हजारो रुपये घालवतो. काही शहाणे तर तीच भोकं सिलिकॉन भरून बंद करतात!

तुम्ही मे महिन्यात जा. पल्ले उचलून बाहेर काढा, जुन्या टूथब्रशने ट्रॅक खरवडा, बारीक तारेने भोकं मोकळी करा. मग मालकासमोर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर कसं जातं ते दाखवा. मालक मुंबईत किंवा दुबईत असेल तर त्याचा व्हिडिओ काढून पाठवा. पुसलेल्या काचेचा फोटो कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हा व्हिडिओ मात्र सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, माझ्या डोळ्यांदेखत फिरलेला आहे.

आणि त्यांच्या फोनची वाट बघत बसू नका. मे महिन्यात पैसे घेतानाच ऑक्टोबरची तारीख पावतीवर लिहून द्या, आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर आठवण करा. पावसाळ्यानंतर चौकटींवर शेवाळ आणि जाळ्यांवर बुरशी असतेच, त्यामुळे नाही म्हणायला कुणाला फारसं कारण उरत नाही. किनाऱ्याजवळच्या घरांना मात्र वर्षातून दोन वेळा पुरत नाही. खारा वारा काचेवर मिठाचा थर चढवतो, ते मीठ ओल धरतं आणि त्यावर धूळ चिकटते. अशी काच कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे पडतात, आधी साध्या पाण्याने धुवावी लागते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग वेगळे, ते साध्या पाण्याने जात नाहीत. हा फरक गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगता आला की तुमच्याविषयीचं त्याचं मत बदलतं.

आता गिऱ्हाइकं कुठली. अख्खा बार्देश तालुका पिंजून काढू नका, एक मोठी सोसायटी धरा. सेक्रेटरीला भेटा, एक ठरावीक दिवस मागून घ्या आणि त्या दिवशी जेवढे फ्लॅट येतील त्यांना थोडा कमी दर द्या. वॉचमनशी चांगलं असा, कोणता फ्लॅट कुणाचा आणि किल्ली कुणाकडे हे त्यालाच ठाऊक असतं. किल्ली बहुधा माझ्यासारख्या केअरटेकरकडे असते. आमच्यासारख्यांना काय हवं असतं? दर वेळी तोच मुलगा, त्याच्या आधार कार्डाची प्रत, काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, आणि किल्ली त्याच दिवशी परत. एवढं सांभाळणाऱ्याशी मी दरावरून घासाघीस करत नाही. माझ्याकडची घरं मग आपोआप त्याच्याकडे जातात. मोपाचा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून पेडण्याच्या बाजूलाही अशी बंद घरं वाढताहेत. तिकडे आत्ताच ओळखी करून ठेवा.

गावातल्या राहत्या घरांचं गणित सणावर चालतं. हिंदू घरांत चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, साफसफाई निघते, पण तेव्हा पाऊस असतो, म्हणून आतली बाजू आणि डासांच्या जाळ्या एवढंच काम घ्या. ख्रिस्ती घरांत वाड्यावरच्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त (वार्षिक उत्सव) आणि नाताळ. पणजीच्या चर्चचं फेस्त 8 डिसेंबरला असतं, त्यामुळे तिथे नोव्हेंबरमध्येच विचारा.

जुन्या घरात काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या दिसल्या तर व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड लावू नका. शिंपला म्हणजे चुनाच, तो ॲसिडमध्ये विरघळतो. जोरात पाणीही मारू नका. मऊ, जेमतेम ओलं फडकं, एवढंच. अशा घरची माणसं कुणालाही हात लावू देत नाहीत. ज्याला देतात त्याला मात्र वर्षानुवर्षं बोलावतात, शिवाय नातेवाइकांकडेही पाठवतात.

दर पल्ल्यावर सांगा, ग्रिल आणि जाळी वेगळी, आणि खिडक्या बघितल्याशिवाय फोनवर आकडा देऊ नका. तिसऱ्या मजल्यावर ग्रिलबाहेर उभं राहून पुसायला सांगणाऱ्याला, आणि काम झाल्यावर दर पाडणाऱ्याला, पुढची तारीख देऊ नका.