कायद्याचा प्राध्यापक पुढे मंत्री किंवा राजदूत झाला असं भारतात खरंच घडलंय का?

तुम्ही लिहिलंय की एलएलएम झाल्यावर शिकवायचं मनात आहे पण घरचे म्हणतात एकदा प्राध्यापक झालास की आयुष्यभर तिथेच, म्हणून असं एखादं उदाहरण हवंय. आहे ना, आणि मुंबईचंच आहे. एम. सी. छागला. मी स्वतः कायदा शिकवतो आणि घटनेचा विषय असला की दरवर्षी त्यांचं नाव निघतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जन्म १९०० चा, मुंबईतला. झेवियर्स, मग ऑक्सफर्ड, १९२२ ला बॅरिस्टर होऊन परत. सुरुवातीला जिनांच्या हाताखाली वकिली केली, मुस्लिम लीगमध्येही होते, पण १९२८ च्या नेहरू रिपोर्टवरून (मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेला भावी राज्यघटनेचा आराखडा) दोघांचं फाटलं आणि छागला लीगपासून बाजूला झाले. याच सुमारास, १९२७ पासून, ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजमध्ये शिकवत होते. बाबासाहेब आंबेडकरही त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, पुढे १९३५ मध्ये प्राचार्य झाले आणि स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री. म्हणजे एकाच कॉलेजच्या स्टाफरूममधून दोन केंद्रीय मंत्री निघाले, हे तुमच्या घरच्यांना जरूर सांगा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, छागला कॉलेजातून उठून थेट मंत्री झाले नाहीत. मधे वकिली आणि मग कोर्टाची तब्बल १७ वर्षं आहेत. १९४१ ला मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, १९४७ ते ५८ मुख्य न्यायाधीश. १९५१ चा नरसू अप्पा माळी खटला त्यांनी आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी ऐकला, व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा यांचे धर्मागणिक कायदे) मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतात का हा त्यातला प्रश्न, त्यांनी नाही म्हटलं आणि त्यावर आजही वर्गात मुलं हमरीतुमरीवर येतात. पण देशभर नाव झालं ते मुंधडा प्रकरणामुळे. एलआयसीने हरिदास मुंधडा या उद्योजकाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातले होते, खासदार फिरोज गांधींनी ते संसदेत उघडं पाडलं आणि १९५८ च्या सुरुवातीला छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी सुनावणी सगळ्यांसमोर घेतली, महिन्याभरात अहवाल दिला, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. आजचे आयोग किती वर्षं चालतात ते बघितलं की त्या एका महिन्याची किंमत कळते.

आणि त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. इथे मला एक खटकतं आणि ते लपवायचं कारण नाही. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखाली जो पहिला कायदा आयोग होता त्यात छागला सदस्य होते आणि त्या आयोगाने १९५८ मध्येच लिहिलं होतं की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत. त्या शिफारशीची शाई वाळायच्या आत यांनी पद घेतलं. टीका झाली आणि माझ्या मते ती रास्त होती. माणूस मोठा असला तरी हे मोजावं लागतं, उलट त्यांच्यासारख्याने तर ते पाळायलाच हवं होतं.

त्या काळात मात्र त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाचा देशाला उपयोग झाला. पोर्तुगाल ज्यावर हक्क सांगत होता त्या दादरा नगर हवेलीला जायच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं, तिथे भारतातर्फे तात्पुरते न्यायाधीश म्हणून छागलाच बसले आणि १९६० च्या निकालात त्यांनी वेगळं मत नोंदवलं. १९६२ मध्ये लंडनला हायकमिशनर, १९६३ ला शिक्षणमंत्री. शिक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर भारताची बाजू मांडायला त्यांनाच पाठवलं, समोर पाकिस्तानचे भुट्टो. शिक्षणमंत्र्याला काश्मीरसाठी का पाठवतात? कारण बाजू मांडता येणारा माणूस हवा होता. शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणारा कोठारी आयोग त्यांच्याच काळात नेमला गेला, जेएनयूचं बिल त्यांनीच राज्यसभेत मांडलं. अलीगढ विद्यापीठाच्या कायद्यात बदल करताना स्वतःच्या समाजातून खूप रोष घेतला पण मागे हटले नाहीत.

१९६६ च्या शेवटी परराष्ट्रमंत्री झाले आणि दहाएक महिन्यांतच, सप्टेंबर १९६७ ला, राजीनामा दिला, तोही परराष्ट्र खात्याच्या विषयावरून नाही. सरकारने विद्यापीठांत प्रादेशिक भाषांतून शिकवायचं आणि तेही थोड्याच वर्षांत करायचं असं ठरवलं, छागलांना वाटलं यामुळे विद्यापीठं एकमेकांपासून तुटतील, देश तुटेल. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. मराठीतून शिकलेली हुशार पोरं माझ्यासमोर इंग्रजी निकालपत्रापाशी अडकतात आणि कायदा समजलेला असूनही मागे पडतात, हे मी रोज बघतो. पण जे पटत नाही त्या निर्णयाची सामूहिक जबाबदारी घ्यायची नाही म्हणून परराष्ट्र खातं सोडणारा मंत्री, हे मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं. आणीबाणीतही, पंचाहत्तरीचे असताना, उघडपणे विरोधात बोलले. १९८१ ला गेले.

आता तुमच्यापुरतं. राजदूत आज बहुतेक परराष्ट्र सेवेतूनच येतात, म्हणजे यूपीएससी. बाहेरचा माणूस नेमायला सरकारला आडकाठी नाही, १९७७ मध्ये नानी पालखीवालांना असंच अमेरिकेला पाठवलं, पण त्यावर करिअर बेतू नका. मंत्री व्हायला आधी खासदार असावं लागतं असं नाही, सहा महिन्यांत संसदेच्या कुठल्याही सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, अर्थात तिथपर्यंत नेणारा पक्ष हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झालात तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करता येत नाही, पण वकिली चालू ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. छागलांसारखं दोन्ही करायचं असेल तर हा दुसरा रस्ता धरा, आधी सनद घ्या, एखाद्या चांगल्या सिनियरकडे लागा, आणि जवळच्या लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा निघते का ते जूनच्या आधी विचारून ठेवा.